कानस खिशात ठेवून घेतलेल्या चार कुकऱ्या

आमच्या पडवीत खुंट्यांवर चार कुकऱ्या आहेत. आहेत म्हणजे, या घडीला तीनच आहेत. चौथीचं नंतर सांगतो. घरी येणारा पाहुणा हमखास त्यातली सगळ्यात चकचकीत उचलतो, म्यानातून अर्धी काढतो आणि 'वा!' म्हणतो. ती चौघींत सगळ्यात भिकार आहे.

मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवला. निवृत्त झाल्यावर पावसच्या बाजूला असलेली वडिलोपार्जित हापूसची कलमं सांभाळतो. रत्नागिरीच्या कुठल्याही बागायतदाराप्रमाणे माझीही बाग नेपाळी राखणदाराच्या जिवावर चालते. दिवाळीच्या आगेमागे ही माणसं येतात, वानर हाकतात, फवारण्या करतात, आंबा उतरवतात आणि पावसाच्या तोंडावर आपल्या गावी जातात. आमचा राखणदार पश्चिम नेपाळातल्या अछाम जिल्ह्यातला. गेले नऊ हंगाम येतो. त्याच्या कमरेला त्याच्या बापाची खुकुरी असते (आपण कुकरी म्हणतो, ते खुकुरी). मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, म्यान शिवून शिवून दमलेलं. पण कलमावर चढून बांडगूळ काढताना तिचा एक घाव बसला की मनगटाएवढी फांदी खाली. आमचा गडी कोयत्याने तेच काम तीन घावांत करायचा. तेव्हापासून मला स्वतःची कुकरी हवी होती.

पहिली घेतली काठमांडूत. बायकोबरोबर पशुपतिनाथाच्या सहलीला गेलो होतो, शेवटच्या दिवशी सगळ्या बसला थामेलमध्ये खरेदीला सोडलं. थामेलमध्ये दर दहा पावलांवर कुकरीचं दुकान. मी शिरलो त्याचं नाव सांगत नाही. काचेच्या कपाटात आरशासारखी पाती, मुठीवर कोरलेला देव, म्यानावर पितळी ठसे. ६,५०० नेपाळी रुपये सांगितले, ४,००० ला दिली. आपले १०० म्हणजे तिकडचे १६०, तो दर १९९३ पासून हललेला नाही, त्यामुळे हिशेब सोपा: अडीच हजार. माझ्या खिशात सवयीने एक सहा इंची कानस, म्हणजे लोखंड घासायची दातेरी पट्टी, असते. ती काढून म्हटलं, जरा धारेवर एकदा फिरवून बघू? दुकानदाराचा चेहरा असा झाला की मी त्याच्या मुलीच्या लग्नात जेवणाला नावं ठेवली. "सर, ये आर्ट है." मागे सहलीतली मंडळी उभी, बायको घड्याळ बघतेय. मी कानस परत खिशात घातली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी तपासणी न करता जॉब कधी पास केला नव्हता, तो त्या दिवशी केला.

बागेत दुसऱ्याच दिवशी फळ मिळालं. वाळक्या फांदीवर तिसरा घाव घातला आणि मूठ माझ्या हातात राहिली, पातं भिरभिरत करवंदीच्या जाळीत गेलं. राखणदार दोन हातांच्या अंतरावर उभा होता. नशीब, दोन हातांवर होता. जाळीत शिरून पातं शोधलं, तेव्हा कळलं की मुठीत जाणारं शेपूट जेमतेम दीड इंच, पेन्सिलीएवढं जाड, आणि बाकी सगळी भिस्त एका तपकिरी चिकट पदार्थावर. नेपाळीत त्याला 'लाहा' म्हणतात, लाखेचाच भाऊ. लाहा वाईट नाही, पिढ्यान्पिढ्या कामी, म्हणजे नेपाळी लोहार, तीच वापरत आले आहेत. पण ती पोकळी भरायला असते, पातं धरून ठेवायला नाही. घरी येऊन मग कानस लावली. साबणाच्या वडीत जावी तशी धारेत गेली. सोबतच्या छोट्या सुरीला, म्हणजे 'कर्द'ला, धारच नव्हती. ओतीव पत्र्याचा तुकडा. राखणदाराने ते सगळं हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि निकाल दिला, "सरजी, ये फोटोवाली खुकुरी है."

तिला आता मी मूठ परत चिकटवून खुंटीवर टांगली आहे. फोटो छान येतात.

आता हे कानशीचं प्रकरण थोडं खुलवून सांगतो, कारण सगळी परीक्षा त्यातच आहे. चांगल्या कुकरीची धार कडक आणि पाठ मऊ असावी लागते. आख्खं पातं कडक केलं तर पहिल्याच गाठीवर काचेसारखं तडकेल, आख्खं मऊ ठेवलं तर धार कणकेसारखी दबेल. म्हणून धारेवर कानस फिरवली की ती घसरली पाहिजे, 'किर्र' असा आवाज करत, पोलाद न खाता. आणि तीच कानस पाठीवर फिरवली की चावली पाहिजे, भुसा पडला पाहिजे. मुठीजवळ धारेला एक छोटी खाच असते, तिच्यापाशी धारसुद्धा थोडी मऊ लागते, ते चालतं; तिथे कोणी घाव घालत नाही. आपल्याकडे लोहार 'पाणी पाजणं' म्हणतात, नेपाळीत त्यालाच 'पाइन' म्हणतात. ज्याचं पाणी बरोबर तो कारागीर. बाकी कोरीव मूठ, पितळ, चांदी ही सगळी लग्नातली रोषणाई.

दुसरी कुकरी माझ्या मेहुण्यांनी दिलेली. ते लष्कराच्या ईएमईतून, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झाले, त्यातली दोन वर्षं गोरखा पलटणीबरोबर होते. ही डेहराडूनकडची, कारखान्यात बनलेली, फौजी पद्धतीची. साडेदहा इंच पातं, काळी साधी मूठ, काळं म्यान. हिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही आणि तीच तिची तारीफ. दोन्ही बाजू सारख्या, खाच मधोमध, मूठ हलत नाही. कानस धारेवर बऱ्यापैकी घसरते. सरकारी शाळेतल्या बाकासारखी वस्तू: प्रेमात कोणी पडणार नाही, पण मोडणारही नाही. हिची धार गेली ती माझ्याच हाताने. एकदा कंटाळा केला आणि बाजारात ग्राइंडरवर धार लावणाऱ्याकडे दिली. परत घेतली तर पात्याच्या फुगीर पोटाजवळ चार बोटं निळी झाक. निळी झाक म्हणजे पोलाद तापून पाणी उतरलं. तेवढ्या भागात आता धार टिकतच नाही. वर्गात शेकडो पोरांना 'ग्राइंडरवर पाणी सोडत जा रे' असं ओरडलेला मी माणूस. मेहुण्यांना अजून सांगितलेलं नाही.

तिसरी आणि चौथी मात्र मुद्दाम जाऊन आणल्या. बिहारमधलं जोगबनी हे शेवटचं स्टेशन, पलीकडे नेपाळातलं विराटनगर, तिथून इटहरीवरून धरान. डोंगर जिथे सुरू होतो तिथे वसलेलं हे शहर 'लाहुऱ्यां'चं. परदेशी फौजेत गेलेला तो लाहुरे. पूर्वी नेपाळी जवान रणजितसिंहाच्या लाहोरला जायचे, त्यावरून पडलेला शब्द. ब्रिटिश गुरखा फौजेची छावणी धरानला होती, आता त्या जागी १९९३ पासून बी. पी. कोइराला यांच्या नावाची मोठी वैद्यकीय संस्था आहे. छावणी गेली तरी कुकरीची दुकानं राहिली. आणि इथे गिऱ्हाईक म्हणजे पेन्शनर, ज्याने आयुष्यभर ही वस्तू वापरली. त्याला कोण फसवणार?

धरानच्या दुकानात मी आधीच कानस काढून काउंटरवर ठेवली. मालक हसला आणि त्याने स्वतःहून चार पाती पुढे सरकवली. त्यातली 'सिरुपाते' घेतली. सिरु नावाच्या गवताच्या पात्यासारखी बारीक म्हणून सिरुपाते. तेरा इंच पातं, म्हशीच्या शिंगाची मूठ, शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागच्या पितळी टोपीवर ठोकून पसरवलेलं. ही टोपी आधी बघा. तिथे ठोकलेलं टोक दिसलं तर शेपूट आरपार आहे. नुसतीच गुळगुळीत टोपी असेल तर विचारा. विचारल्यावर दुकानदार विषय बदलत असेल तर तुम्हीही दुकान बदला.

काम उत्तम, सफाई चौघींत पहिली, कानस धारेवरून बर्फावरून घसरावी तशी. पण घेताना मी माझी बाग विसरलो. सिरुपाते हलकी असते, तिचं वजन पुढे येत नाही. गवत, कोवळी झुडपं, चिव्याची कोवळी काठी, कोंबडीची मान, यात तिच्यासारखी तीच. वाळक्या आंब्याच्या फांदीवर मात्र ती टणकन उडते. दुसरं म्हणजे शिंगाची मूठ. दिसते देखणी, पण घामेजल्या हातात माशासारखी सटकते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात फुगून मग पौषात आकसते. दुसऱ्या वर्षी मुठीला केसाएवढी चीर पडली. धरानच्या कारागिराचा यात दोष नाही, समुद्रापासून दोन किलोमीटरवर शिंग आणणाऱ्याचा आहे. तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर लाकडी मूठ घ्या. तिकडे सिसौ म्हणतात, म्हणजे आपल्या शिसवीच्याच जातकुळीतलं.

धरानच्या मालकानेच सांगितलं, जाड कामाची हवी तर भोजपूरला जा. धनकुटा, हिले, मग लेगुवाघाटला खाली उतरून अरुण नदी ओलांडायची आणि पुन्हा वर. जीपमध्ये माझ्या मांडीवर एका बाईंचं करडू होतं. भोजपूरजवळ टक्सार नावाचं गाव आहे, तिथे पूर्वी नाणी पाडायचे. टक्सार म्हणजे आपली टाकसाळच. शब्द ऐकूनच मला जरा घरी आल्यासारखं वाटलं.

कामीच्या भट्टीच्या जागेला 'आरन' म्हणतात. एका उतरत्या छपराखाली भट्टी, जमिनीत रोवलेली ऐरण, बाप सांडशी धरून बसलेला आणि पोरगा घण घेऊन उभा. कोपऱ्यात ट्रकचे कमानपाटे रचलेले. जुन्या गाड्यांचा पाटा हेच कुकरीचं पोलाद, आणि खरोखर चांगलं पोलाद: वाकतं, परत येतं, पाणी चांगलं धरतं. मी दोन दिवस तिथेच बसलो. बाहेर मुक्कामाची सोय होती, पण जेवण त्यांच्याकडेच झालं, भात आणि गुन्द्रुकचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचा, आंबट झोल.

घडवणं बघितलं ते सगळं सांगत बसलो तर रात्र होईल. पाणी देतानाचं तेवढं सांगतो. कानशीने आकार झाला, पातं पुन्हा भट्टीत गेलं. फक्त धारेची बाजू निखाऱ्यात. बापाने मला खुणेने बाजूला व्हायला सांगितलं, उजेड आडवा येत होता. पिकल्या रातांब्याचा लाल रंग आला तसं त्याने पातं बाहेर काढलं, धार वर करून धरलं आणि चहाच्या किटलीने, खरंच, लांब चोचीच्या ॲल्युमिनियमच्या किटलीने, धारेवरून पाण्याची बारीक धार सोडली. पोटापासून टोकाकडे, टोकाकडून पोटाकडे. तीन-चार फेऱ्या. धार काळी पडली, पाठ अजून तापलेलीच. मग तो थांबला. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे उतरते आणि काळ्या पोलादावर वाळक्या गवताचा पिवळा रंग सरकत येतो. तो धारेपाशी पोचला त्या क्षणी पुन्हा पाणी. संपलं. सगळा खेळ मिनिटाचाही नाही. आम्ही हेच वर्गात फळ्यावर दोन तास तापमानाचे आकडे लिहून शिकवायचो. त्याच्याकडे ना थर्मामीटर, ना आकडे.

पातं निवलं तसं मी संकोचत कानस पुढे केली. म्हाताऱ्याने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच धारेवर फिरवली. मान तिरकी, डोळे मिटलेले. तो बघत नव्हता, ऐकत होता. मग कानस उलटीसुलटी करून शिक्का पाहिला. जेके. म्हटलं, "दाइ, ये हमारे रत्नागिरी में बनती है." आमच्या एमआयडीसीतली कानस, माझे कितीतरी विद्यार्थी त्या कारखान्यात लागले. त्याने आत जाऊन एक कर्द आणली आणि पाठीकडची बाजू उजेडात धरली. पुसट तिरक्या रेघा. कानशीचे दाते! झिजलेल्या कानशी तो फेकत नाही, ठोकून कर्द बनवतो. माझी कानस परत मिळाली नाही. त्याने मागितली नाही आणि मीही मागितली नाही. जाताना म्यानात दोन कर्दी निघाल्या.

किंमत ४,८०० नेपाळी, म्हणजे आपले ३,०००. थामेलच्या फोटोवालीपेक्षा ५०० जास्त. आता यावर घासाघीस करायची तर माणसाला लाज असावी.

एक गोष्ट तिथे खटकली ती लिहितोच. कुकरी हे नेपाळचं मानचिन्ह, गोरखा पलटणींच्या टोपीवर तीच, काठमांडूतल्या छाउनीच्या संग्रहालयात गोरख्याचा जुना राजा द्रव्य शाह याची म्हणून दाखवतात तीही तीच. ती बनवणारा कामी मात्र गावाच्या कडेला. १९६३ च्या कायद्याने शिवाशीव रद्द झाली, तरी म्हाताऱ्याच्या बोलण्यात वरच्या आळीच्या नळाचा उल्लेख आला तेव्हा पोराने विषय बदलला. वर्षभर शेतकऱ्यांची अवजारं करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं, याला ते 'बाली' म्हणतात. आपलं बलुतं. दुकानांच्या पाट्यांवर वीरांची चित्रं असतात, पात्यावर दुकानाचा शिक्का असतो, घडवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

भोजपुरे कुकरीचे दोष आधी सांगतो. खाच थोडी तिरकी. पाठ सरळ नाही, डोळा लावून बघितली तर मध्ये किंचित पोक. मूठ माझ्या पंजाला आखूड, करंगळीला टोपी घासते. घेताना स्वतःच्या हाताचं माप सांगायला हवं होतं. दोन्ही कर्दी म्यानात ढिल्या, एक पहिल्याच महिन्यात बागेत हरवली. आणि म्यान! लाकडाच्या दोन फाकांवर म्हशीचं कातडं चढवलेलं, त्याला असा वास की शेजारच्या कुत्र्याने एकदा ते पळवून नेलं. पहिल्या पावसाळ्यात वर हिरवी बुरशी आली, आत ठेवलेल्या पात्यावर गंजाचे ठिपके. तेव्हापासून मृगाला कुकऱ्या म्यानाबाहेर काढतो, उंडीचं तेल चोळतो आणि कागदात गुंडाळतो.

आणि आता काम. वजन ६९० ग्रॅम, पाठ मुठीपाशी दहा मिलिमीटरच्या आसपास. वजन सगळं पोटात, पुढे. त्यामुळे मनगटाने जोर लावायचाच नाही, नुसती उचलायची आणि पडू द्यायची. वाळकी आंब्याची फांदी, मनगटाएवढी: दोन घाव. हिरवा माणगा बांबू: एका घावात, आणि काप असा स्वच्छ की पेरातलं पाणी निथळताना दिसतं. दिवसभर बेणणी आणि लाकडं करून संध्याकाळी 'चकमक' घासली (म्यानात कर्दीशेजारी असते ती बोथट पोलादी पट्टी), दहा-बारा हात, की धार पुन्हा जागी. डेहराडूनवालीला एवढ्या कामानंतर दगड लागतो.

कोयत्याला मात्र ती पर्याय नाही; पर्याय आहे असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. नारळ सोलायला, करवंदीची फांदी ओढून कापायला कोयत्याचा आकडाच हवा. आमचा गडी आजही कुकरीला हात लावत नाही. "भाऊ, ता नेपाळ्यांचा हत्यार, आपला नाय," म्हणतो.

म्यानातून काढताना मात्र एक सांभाळा. म्यान पाठीच्या बाजूने धरायचं. धारेच्या बाजूला बोटं ठेवलीत आणि आतली फाक सैल झालेली असली तर पातं शिवण कापून बोटांपर्यंत येतं. बाहेर काढलेली कुकरी रक्त लागल्याशिवाय परत ठेवत नाहीत असं पाहुणे मला गंभीर चेहऱ्याने सांगतात. हे मी राखणदाराला सांगितलं तेव्हा तो चुलीपाशी बापाच्या खुकुरीने कांदा चिरत होता. "सरजी, फिर तो रोज पट्टी बांधनी पड़ेगी," म्हणाला आणि हसत सुटला.

यंदा दिवाळीनंतर तो आला तेव्हा मी चारही त्याच्यापुढे मांडल्या. फोटोवालीला हात नाही लावला. डेहराडूनची उचलून लगेच ठेवली. सिरुपाते दोनदा हवेत फिरवली, "मेरी घरवाली के लिए अच्छी है, घास काटेगी." भोजपुरे मात्र बराच वेळ हातात. अंगठा धारेवर आडवा फिरवला, नखाने पात्यावर टिचकी मारून कान लावला, मुठीकडे पाहून नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, आणि ती त्याच्या कमरेच्या पटक्यात होती. बापाची त्याने खोपीत ठेवून दिली. परवा एका मित्राला दाखवायची म्हणून परत मागितली. झाडावरूनच ओरडला, "सरजी, पहले आम उतरने दो."